फिनिक्सच्या वाळवंटातील पहिला शरद: घराबाहेर चालण्याची आणि डोंगर चढण्याची सुरुवात कशी करावी

ऑगस्टमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फिनिक्स, टेम्पी, चँडलर वा स्कॉट्सडेल येथे आलेल्या माणसाचे पहिले दोन महिने बहुधा चार भिंतींच्या आतच जातात. घर, गाडी, ऑफिस आणि दुकान या सगळ्या ठिकाणी एसी चालू असतो, बाहेरच्या हवेशी संबंध येतो तो पार्किंगची जागा ओलांडण्यापुरता, आणि पुण्यात किंवा नाशिकमध्ये रोज तासभर चालणाऱ्या माणसाचेही पाय आखडून जातात. मग सप्टेंबर सरता सरता एक सकाळ अशी येते की दार उघडल्यावर अंगावर भट्टीची झळ येत नाही, आणि त्या आनंदात नवखा माणूस थेट डोंगराकडे निघतो. हा लेख त्या सकाळच्या आधी वाचला जावा, अशी माझी इच्छा आहे. सोनोरन वाळवंटातील शरद ऋतू घराबाहेर हिंडण्याफिरण्यासाठी खरोखर उत्तम असतो, परंतु तो एका दिवसात येत नाही. तो आधी पहाटेला येतो, मग सकाळला, आणि दुपारपर्यंत पोहोचायला त्याला नोव्हेंबर उजाडतो. आपण त्याच गतीने घराबाहेर पडायला शिकायचे आहे.

पहिली पायरी: तारीख पाहू नका, तास पाहा

फिनिक्समध्ये दुपारचे सरासरी कमाल तापमान सप्टेंबरमध्ये सुमारे 100 अंश फॅरेनहाइट, म्हणजे आपल्या मोजमापात 38 अंश सेल्सिअस असते. ऑक्टोबरमध्ये ते 90 अंशांच्या (32 सेल्सिअस) आसपास उतरते आणि नोव्हेंबरमध्ये 77 अंशांपर्यंत (25 सेल्सिअस) येते. हे आकडे वाचून ऑक्टोबर सुखाचा असेल असे वाटते, पण सरासरीवर विसंबून कोणीही बाहेर पडू नये. 2024 साली 28 सप्टेंबरला येथे पारा 117 अंशांवर (47 सेल्सिअस) गेला होता आणि ऑक्टोबर उजाडल्यानंतरही त्याने 110 अंश ओलांडले होते. म्हणून आदल्या रात्री फोनवर तासागणिक तापमानाचा अंदाज उघडावा, आणि आपण निघणार त्या वेळेचे नव्हे, तर परत येणार त्या वेळेचे तापमान पाहावे. सपाटीवर चालायचे असेल तर परतीच्या वेळी 90 अंशांच्या आत आणि चढ चढायचा असेल तर 85 अंशांच्या (29 सेल्सिअस) आत असावे, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला तोच सांगतो.

महाराष्ट्रातून आलेल्या लोकांची येथे हमखास एक चूक होते, ती म्हणजे संध्याकाळी ऊन उतरल्यावर किंवा जेवणानंतर शतपावलीला निघण्याची. वाळवंटात दिवसाचे सर्वांत जास्त तापमान दुपारी उशिरा, तीन ते पाचच्या दरम्यान असते. त्यानंतर सूर्य मावळला तरी डांबरी रस्ते, काँक्रीटच्या भिंती आणि पार्किंगची मैदाने दिवसभर शोषलेली उष्णता रात्री बराच वेळ सोडत राहतात. उलट सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या आगेमागे असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा यांत 20 अंश फॅरेनहाइटपेक्षाही जास्त फरक असू शकतो. त्यामुळे ऑक्टोबर संपेपर्यंत व्यायाम पहाटेचाच ठेवावा.

सूर्योदय सप्टेंबरअखेर सव्वासहाच्या सुमारास, ऑक्टोबरअखेर पावणेसातच्या सुमारास आणि नोव्हेंबरअखेर सव्वासातच्या सुमारास होतो. ॲरिझोनाच्या बहुतेक भागात घड्याळ मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये इतर राज्यांतील मित्रांचे घड्याळ एका तासाने सरकले तरी आपला दिनक्रम मोडत नाही. भारताशी असलेले साडेबारा तासांचे अंतरही वर्षभर तेच राहते. पहाटे चालून आल्यावर घरी फोन केला तर तिकडे संध्याकाळच्या चहानंतरची निवांत वेळ असते. अनेक कुटुंबांत हीच सवय पहाटेचे चालणे टिकवून धरते, हे मी पाहिले आहे.

दुसरी पायरी: शरीराला पंधरा दिवस द्या

आपण उष्ण देशातून आलो आहोत, आपल्याला उन्हाची सवय आहे, हा समज येथे घातक ठरतो. उष्णतेत श्रम करण्याची सवय ही शरीरात घडून आलेल्या बदलांची बेरीज असते: रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो, घामावाटे जाणारे मीठ कमी होते आणि तेवढ्याच श्रमात हृदयाच्या ठोक्यांचा वेग कमी राहतो. हे बदल घडायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, आणि उष्णतेशी संबंध तुटला की काही आठवड्यांत ते ओसरतात. दोन महिने एसीत काढलेल्या माणसाकडे नागपूरच्या मे महिन्याची कोणतीही पुंजी शिल्लक नसते.

म्हणून पहिल्या आठवड्यात रोज वीस मिनिटे, आपसात सहज बोलता येईल इतक्याच वेगाने, सपाट जागी चालावे. दुसऱ्या आठवड्यात ते अर्ध्यापाऊण तासावर न्यावे. धावणाऱ्यांनी या काळात एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे आलटून पालटून करावे आणि पूर्वीची वेळ गाठण्याचा मोह टाळावा. डोंगराचा विचार तिसऱ्या आठवड्यात करावा. मध्ये दोनचार दिवस पुन्हा उष्णतेची लाट आली, तर त्या दिवसांत चालण्याचा वेळ कमी करावा किंवा सुट्टी घ्यावी.

तिसरी पायरी: जो घाम दिसत नाही त्याचा हिशेब ठेवा

सबंध लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही ठेवावी. मुंबईत दहा मिनिटे चालले की सदरा अंगाला चिकटतो आणि पाणी प्यायची आठवण आपोआप होते. येथील हवा इतकी कोरडी असते की घाम त्वचेवर येताक्षणीच उडून जातो. कपडे कोरडे राहतात, कपाळ कोरडे राहते, आणि माणसाला वाटते की आपल्याला घाम येतच नाही. प्रत्यक्षात तासाला अर्धा ते एक लिटर पाणी शरीरातून निघून जात असते.

माझ्या पहिल्या ऑक्टोबरमध्ये मी सकाळी साडेनऊला पायेस्टेवा शिखराच्या वाटेवर गेलो होतो. ही वाट जेमतेम सव्वा मैलाची आहे, म्हणजे दोन किलोमीटर, आणि सह्याद्रीतील किल्ले चढलेल्या माणसाला हे अंतर किरकोळ वाटते. म्हणून हातात अर्ध्या लिटरची एकच बाटली होती. माथ्यावर पोहोचेपर्यंत ती संपली. सदरा पूर्ण कोरडा असल्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही. उतरताना डोके ठणकू लागले, मळमळ सुरू झाली, पायऱ्यांसारख्या रचलेल्या दगडांवर पाऊल नेमके पडेना, आणि एका अनोळखी बाईंनी सावलीत बसवून त्यांच्याजवळचे पाणी दिले तेव्हाच मी नीट खाली येऊ शकलो. घरी येऊन टोपी काढली तर तिच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटलेली होती. आजही चालून आल्यावर मी आधी टोपी आणि दप्तराचे पट्टे पाहतो. रेघ ठळक असेल तर त्या दिवशी पाणी आणि मीठ दोन्ही कमी पडले असे समजतो.

पाण्याची तयारी आदल्या संध्याकाळपासूनच करावी. झोपण्यापूर्वी एक पेला आणि निघण्यापूर्वी दीड-दोन पेले पाणी प्यावे; सकाळची लघवी गडद पिवळी असेल तर त्या दिवशी चढ टाळावा. सपाटीवर तासभर चालायचे असेल तर किमान अर्धा लिटर आणि डोंगरावर माणशी तासाला एक लिटर पाणी बरोबर घ्यावे. दर पंधरा-वीस मिनिटांनी, तहान लागो वा न लागो, चार घोट घ्यावेत. जवळचे निम्मे पाणी संपण्यापूर्वी माघारी फिरावे, मग माथा हाकेच्या अंतरावर असला तरी. रात्री बाटली अर्धी भरून आडवी गोठवली आणि सकाळी वरून पाणी भरले, तर ती दोन तास थंड राहते. गाडीत ठेवलेल्या बाटलीवर विसंबू नये. परत येईपर्यंत ते पाणी चहाइतके गरम झालेले असते.

तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर राहायचे असेल तर नुसते पाणी पुरत नाही, आणि मीठ न घेता केवळ पाणीच पीत राहिले तर रक्तातील सोडियम घटून वेगळाच धोका उभा राहतो. चिमूटभर मीठ आणि थोडी साखर घातलेले लिंबाचे सरबत, मीठ घातलेले कोकम सरबत, किंवा भारतातून येताना आणलेली ओआरएसची पुडी, यांपैकी काहीही चालते. बरोबर खारे दाणे, चिवडा किंवा खजूर असावेत. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मिठाचे आणि साखरेचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

चौथी पायरी: जागा क्रमाने निवडा

पहिल्या पंधरवड्यासाठी या शहरात कालव्यांच्या काठांसारखी दुसरी जागा नाही. ॲरिझोना कालवा आणि ग्रँड कालवा यांच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल सपाट वाट आहे, कुठे फरसबंद तर कुठे मुरुमाची. या खोऱ्यात होहोकाम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी हातांनी कालवे खोदले होते, आणि आजच्या कालव्यांपैकी काही त्यांच्याच मार्गावरून जातात, हे ठाऊक असले की रोजची तीच वाट कंटाळवाणी होत नाही. टेम्पीतील विद्यार्थ्यांना टाउन लेकभोवतीचा रस्ता सोयीचा पडतो, आणि विद्यापीठालगतची ‘ए’ टेकडी हा पहिल्या चढाचा चांगला सराव आहे. तिच्या दगडांवर प्राचीन कोरीव आकृत्या आहेत, त्यांना हात लावू नये. पापागो पार्कमधील ‘होल इन द रॉक’ हा खडकातला मोठा झरोका काही मिनिटांत गाठता येतो आणि लहान मुलांनाही तो झेपतो.

रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फिनिक्सचे रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर आखलेले आहेत, आणि सप्टेंबरअखेर सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो. त्या सुमारास सकाळी पूर्वेकडे गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर सूर्य थेट येतो आणि त्याला रस्ता ओलांडणारा माणूस दिसत नाही. सिग्नल आपल्या बाजूने असला तरी गाडी थांबल्याची खात्री करूनच पाऊल टाकावे. अंधारात निघताना चमकणारी पट्टी अंगावर असावी.

तिसऱ्या आठवड्यापासून डोंगर. 16,000 एकरांहून मोठे असलेले साउथ माउंटन हे शहराच्या हद्दीतीलच राखीव क्षेत्र आहे आणि तेथे सौम्य चढाच्या पुष्कळ वाटा आहेत. पिमा कॅन्यनच्या बाजूने आत शिरून अर्धा तास जाणे आणि तेवढेच परत येणे, अशी सुरुवात करावी. स्कॉट्सडेलकडे राहणाऱ्यांसाठी मॅकडॉवेल सोनोरन प्रिझर्व्हच्या गेटवे प्रवेशद्वाराजवळच्या वाटा रुंद आहेत आणि त्यांवर दिशाफलक जागोजागी आहेत. वाट निवडताना तिची लांबी पाहतो तसा डोंगराचा उतार कोणत्या दिशेला आहे हेही पाहावे. सकाळी पश्चिमेकडील उतार सावलीत असतो आणि पूर्वेकडील उतारावर सूर्योदयापासून ऊन असते. कॅमलबॅकवर हा फरक स्पष्ट जाणवतो: इको कॅन्यनची वाट सकाळी बराच वेळ सावलीत राहते, तर पूर्वेकडून चढणारी चोया वाट पहिल्या किरणापासून तापते.

कॅमलबॅकविषयी थोडे आणखी सांगायला हवे, कारण पाहुणा आला की सर्वांना तेथेच जायचे असते. डोंगराची उंची 2,700 फुटांच्या आसपास आहे आणि इको कॅन्यनच्या वाटेने जेमतेम सव्वा मैलात सुमारे 1,200 फूट चढावे लागते. काही ठिकाणी कठडा धरून, तर काही ठिकाणी हातापायांवर खडक चढावा लागतो, आणि उतरताना गुडघ्यांवर त्याहून जास्त ताण येतो. या वाटेवरून दरवर्षी लोकांना उचलून आणावे लागते. अतिउष्णतेचा सरकारी इशारा असलेल्या दिवशी शहर कॅमलबॅक आणि पायेस्टेवा या शिखरांच्या वाटा दिवसा बंद ठेवते; त्या वेळी आडवाटेने शिरण्याचा विचारही करू नये. माझ्या मते नव्या माणसाने कॅमलबॅक नोव्हेंबरसाठी राखून ठेवावा. तापमान 100 अंशांवर असताना कुत्र्याला शहराच्या डोंगरवाटांवर नेण्यासही मनाई आहे, आणि त्याखालीही तापलेल्या जमिनीवर तळहात टेकवून पाहिल्याखेरीज त्याला चालवू नये.

पाचवी पायरी: अंगावर आणि पाठीवर काय असावे

फिक्या रंगाचा, सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिक क्षमतेचे सनस्क्रीन पुरेसे आहे; ऑक्टोबरमध्ये हवा सुखद वाटली तरी अतिनील किरणे त्वचा जाळण्याइतकी तीव्र असतात. बूट पकड असलेले हवेत, कारण येथील खडकांवर बारीक सुटी खडी पसरलेली असते. चपला किंवा उघड्या सँडल घालून वाटेवर जाऊ नये.

पाठीवरच्या पिशवीत एक साधा फणी-कंगवा अवश्य ठेवावा. चोया नावाच्या निवडुंगाचे गोळे नुसत्या स्पर्शाने सुटून कातडीत रुततात, आणि ते हाताने काढायला गेले की हातात रुततात. कंगव्याचे दात गोळ्याखाली सरकवून झटक्यात लांब फेकणे हाच उपाय आहे. उरलेल्या काट्यांसाठी चिमटा लागतो. फोन पूर्ण चार्ज असावा आणि कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत, हे घरी कोणाला तरी सांगून निघावे.

सहावी पायरी: धूळ, ओढे आणि साप

या भागातल्या मातीत कोक्सिडिऑइड्स नावाची बुरशी असते आणि तिच्या बीजाणूंमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराला व्हॅली फीव्हर म्हणतात. ॲरिझोनात उन्हाळ्यात आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याचे रुग्ण वाढतात, म्हणजे आपण घराबाहेर पडू लागतो नेमक्या त्याच काळात. तो माणसाकडून माणसाला होत नाही आणि बहुतेकांना त्याची लक्षणे जाणवतही नाहीत; तरीही वादळी वाऱ्याच्या दिवशी, किंवा जेथे बांधकामासाठी जमीन उकरली आहे तेथे, व्यायाम करू नये. खोकला, ताप आणि थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांना व्हॅली फीव्हरची तपासणी आपणहून विचारावी. दुसऱ्या राज्यात किंवा भारतात गेल्यावर आजारी पडलात, तर ॲरिझोनात राहत होतो हे तेथील डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण तेथे या आजाराची शंका सहसा कोणाला येत नाही.

येथील पावसाळा अधिकृतपणे 15 जून ते 30 सप्टेंबर असा धरतात. एरवी कोरडे असणारे ओढे, ज्यांना येथे वॉश म्हणतात, दूरवर पडलेल्या पावसानेही काही मिनिटांत दुथडी भरतात. आकाशात ढग दाटले असतील तर वॉशमधून जाणारी वाट घेऊ नये आणि वाहते पाणी पायी किंवा गाडीने ओलांडू नये.

रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी खुळखुळवणारा विषारी साप, ऑक्टोबरमध्येही हिंडत असतो आणि उष्ण दिवसांत पहाटे व तिन्हीसांजेला, म्हणजे आपल्याच वेळेला, बाहेर येतो. कानात दोन्ही इअरफोन घालू नयेत, जेथे नजर पोहोचत नाही तेथे हात किंवा पाय टाकू नये, आणि साप दिसला तर सावकाश मागे सरून त्याला वाट द्यावी. तो चावलाच तर जखम कापणे, विष चोखणे किंवा करकचून बांधणे यांपैकी काहीही न करता तातडीने 911 ला फोन करावा.

सातवी पायरी: ऊन बाधल्याची खूण ओळखा

डोकेदुखी, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, चक्कर आणि विनाकारण चिडचिड ही पहिली लक्षणे होत. तेवढ्यावरच थांबून सावलीत बसावे, मान आणि काखा ओल्या कराव्यात, मिठाचे सरबत घोटाघोटाने प्यावे आणि बरे वाटले तरी वर न जाता खाली उतरावे. बोलणे अडखळू लागले, प्रश्नाचे उत्तर विसंगत आले किंवा माणूस भानावर नसला, तर तो उष्माघात समजून लगेच 911 ला फोन करावा, आणि मदत येईपर्यंत असेल तेवढे पाणी अंगावर ओतून वारा घालत राहावे. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. सोबत्याशी अधूनमधून मराठीत साधे बोलत राहिले तर त्याच्या उत्तरातील फरक चटकन कळतो.

आठवी पायरी: आईवडील आले असतील तर

दिवाळीच्या सुमारास अनेकांचे आईवडील येथे येतात, आणि त्यांना दिवसभर घरात बसवून ठेवणे त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. पहिला आठवडा वेळेतील फरकामुळे झोपेचा ताल बिघडलेला असतो; ते पहाटे चारला जागे होतात, याचा फायदा घेऊन उजाडताच त्यांना घेऊन निघावे. वयानुसार तहान कमी लागते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातील पाणी कमी करतात, म्हणून निघण्यापूर्वी त्यांना आपल्यासमोर पाणी प्यायला लावावे आणि गोळ्यांविषयी भारतातील डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे. बाबांना चपलांऐवजी बूट घालायला राजी करावे. दर पाचदहा मिनिटांच्या अंतरावर बाक आणि जवळ स्वच्छतागृह असलेली बाग निवडावी. ऑक्टोबरमध्ये काही बागांतील हिरवळ हिवाळी गवत पेरण्यासाठी बंद ठेवून भिजवलेली असते, तेव्हा एक दिवस आधी स्वतः जाऊन पाहून यावे.

त्यांना पानगळीचे रंग पाहायचे असतील तर फ्लॅगस्टाफला न्यावे. ते सुमारे 7,000 फूट उंचीवर, फिनिक्सपासून गाडीने सव्वादोन-अडीच तासांवर आहे, आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तेथील ॲस्पेनची झाडे पिवळीधमक होतात. खाली 95 अंश असताना तेथे स्वेटर लागतो. उंचीमुळे धाप लवकर लागते, म्हणून पहिला तास केवळ चहा आणि सपाटीवरच्या फेरीत घालवावा, आणि दुपारी तीनपूर्वी परतीला लागावे, म्हणजे घाटातला उतार उजेडात पार होतो.